चुकलेलं कासव

परवा नगरला (आता अहिल्यानगर!) गेलो होतो. पाचवीतल्या भाचीच्या वर्गात चाकांवरचा रोबो आलाय. तिनं चौकोन काढायला सांगितला, पण वळण ९० ऐवजी ६० अंशांचं दिलं. स्वारी भलतीकडेच! "मामा, तो नाही, मीच चुकले," म्हणत तिनं आकडा बदलला.

खेळ तसा जुनाच. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा बनवली. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर रेघा काढणारं यांत्रिक कासव आलं. पॅपर्टचा आग्रह एकच: चूक म्हणजे अपयश नव्हे, ती शोधायची नि दुरुस्त करायची.

आमच्या वेळी चुकलं की हातावर पट्टी बसायची. गणिताची धास्ती अजून गेली नाही. भाचीला ती नसावी, एवढंच. तुमचा अनुभव काय?