शिवराईवरील जंगाल आणि इतिहासाचा पुरावा

सातारा व सांगली या जिल्ह्यांत शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा पडक्या वाड्याचे जोते उकरताना जी तांब्याची नाणी हाती येतात, त्यांत शिवराईचा भरणा मोठा असतो. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ एवढाच या नाण्यावरील लेख. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेले हे नाणे पुढे छत्रपती शाहू व पेशवे यांच्या अमदानीतही त्याच लेखानिशी पडत राहिले, आणि एकोणिसाव्या शतकातही ते बाजारात चालत होते. त्यावर बहुधा सनही नसतो व टाकसाळीचे नावही नसते.

तेव्हा एखादी शिवराई कोणत्या काळातील, हे ठरविण्यास अक्षरांचे वळण, वजन व सापडण्याचे ठिकाण हीच मुख्य साधने उरतात. ‘शिव’ हा शब्द कोठे ‘शीव’, कोठे ‘सिव’ असा आढळतो. उत्तरकालीन ‘दुदांडी’ प्रकारात ‘छत्र’ व ‘पति’ यांच्यामध्ये दुहेरी आडवी रेघ असते. आरंभीची नाणी बहुधा अकरा ते तेरा ग्रॅम भरतात, नंतरची सामान्यतः हलकी असतात. त्यातच तांब्याचा तुकडा ठशाहून लहान असल्याने संपूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच उमटतो. एखाद्या वेलांटीवरच निर्णय अवलंबून असतो.

ही वेलांटी घासून नाहीशी करण्याचा उपाय मात्र घरोघरी आहे. चिंच, लिंबू, राख किंवा वीटकरीची पूड लावून नाणे देवघरातील पळीपंचपात्राप्रमाणे लख्ख केले जाते. तांब्याच्या भांड्यास हे ठीक. भूमिगत नाण्यास घातक. जमिनीत तांब्यावर प्रथम लाल रंगाचा ऑक्साइडचा थर चढतो व त्यावर हिरव्या कार्बोनेटचा, म्हणजे जंगालाचा. नाण्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा उघड्या धातूवर नसून या लाल थरातच राहिलेला असतो. आम्लाने तो विरघळला की अक्षर गेले आणि वजनही घटले. राहतो तो चकचकीत पण मुका तुकडा.

याउलट सर्वच जंगाल निरुपद्रवी असते असेही नाही. मऊ, भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके हे क्लोराइडचे लक्षण होय. दमट हवेत हा विकार आपोआप वाढत जातो व नाणे पोखरून टाकतो. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींतून निघालेल्या नाण्यांविषयी म्हणूनच अधिक सावध राहावे लागते. अशी नाणी इतरांपासून वेगळी ठेवून प्रयोगशाळेकडे सोपवावीत. तेथे क्षार काढून बेंझोट्रायाझोलचा उपचार करतात. हे द्रव्य विषारी असल्याने घरी वापरण्याजोगे नाही. दाट जंगाल उतरविण्यास पूर्वी रोशेल क्षाराचे अल्कली द्रावण वापरीत. हा क्षार चिंचेतल्याच टार्टारिक आम्लापासून होतो, परंतु अल्कली द्रावणात तो लाल थरास फारसा धक्का लावीत नाही. चिंच आणि प्रयोगशाळा यांतील अंतर एवढेच, पण ते निर्णायक आहे.

सामान्य संग्राहकाने ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे भिजवावे, पाणी वरचेवर बदलावे, सुटलेली माती बाभळीच्या किंवा बांबूच्या बारीक काडीने भिंगाखाली काढावी व नाणे पूर्ण वाळवावे. मात्र त्यापूर्वी वजन व छायाचित्र घेतलेले असावे. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवणे अगत्याचे; लाकडी पेटीतून आम्लयुक्त वाफा निघतात, म्हणून ती टाळलेली बरी.

१८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. एका मडक्यातील नाणी सफाईपूर्वीच वाटली गेली, तर ती एकत्र पुरली होती हा पुरावाच संपतो. नोंदीत गाव व तालुका दोन्ही लिहिणे आवश्यक आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले आणि १९६० साली दक्षिण सातारा हा सांगली जिल्हा झाला. त्यामुळे जुन्या पाकिटावर नुसते ‘सातारा’ लिहिलेली शिवराई वाईची की तासगावची, हे आज सांगता येत नाही.