शरावतीचे काचेचे करंडे

मराठी वाचकाला गिरसप्पा म्हणून परिचित असलेला जोगचा धबधबा २५३ मीटर उंचीवरून कोसळतो. त्याच्या तुषारांनी भिजलेल्या कड्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एक अरण्य वाढते. डायॅटम ही त्यातील एकपेशीय शैवले. त्यांचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच द्रव्याचे असते. झाकण बसवलेल्या करंड्यासारखी त्याची घडण असल्याने मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात.

शरावतीवर पहिला बांध पडला तो हिरेभास्करचा. १९४८ मध्ये जोगचे वीजगृह सुरू झाले. १९६४ मध्ये लिंगनमक्कीचे विशाल धरण पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाने जुन्या धरणालाही पोटात घेतले. त्यापूर्वीच एच. पी. गांधी या वनस्पतिशास्त्रज्ञाने जोगच्या डायॅटमचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. पन्हाळगडावरील डायॅटमची नोंदही त्यांचीच.

धरणाने या सृष्टीचे काय होते? वाहते पाणी थबकले की गाळ तळाशी बसतो, पाणी नितळते आणि प्रकाश खोल जातो. दगडांना चिकटून राहणाऱ्या जातींची जागा तरंगत्या जाती घेतात. त्या पाण्यातील सिलिका शोषून घेतात आणि मेल्यावर कवचांसह तळाच्या गाळात गाडल्या जातात. खाली सोडलेल्या पाण्यात सिलिका त्या मानाने कमी उरते. शेतांतून व गटारांतून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र पुढेही मिसळत राहतात. असे प्रमाण बिघडले की सिलिकाची गरज नसलेली नीलहरित शैवले फोफावू शकतात. डायॅटमवर जगणाऱ्या कीटकांच्या अळ्यांपासून माशांपर्यंत अन्नसाखळीला त्याची झळ पोहोचते.

जोगला आणखी एक फरक पडला. पाणी वीजनिर्मितीकडे वळल्याने पावसाळा सरताच धबधबा क्षीण होतो, तुषार विरळ होतात आणि कडे कोरडे पडतात.

आज शरावतीच्या खोऱ्यात २००० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा प्रस्ताव आहे. दोन जलाशयांमध्ये पाणी वरखाली खेळवून वीज साठवण्याची ही योजना. तिच्यावरील वादात जंगलाचा आणि सिंहपुच्छ वानराचा उल्लेख होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु नदीचे पहिले अन्न शिजते ते काचेच्या करंड्यांत. त्यांची गणती बांधकामाआधी झाली नाही, तर काय गमावले हे पुढे कळणार कशावरून? गांधींच्या जुन्या नोंदींचे मोल नेमके हेच आहे. लिंगनमक्कीपूर्वीच्या शरावतीची ती साक्ष आहे.