आकाशातून पानांचे रसायन

पान हिरवे दिसते, कारण त्यातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश अधिक शोषून घेते. एवढे आपण वर्गात शिकवतो. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातही पानातील पाणी, प्रथिने आणि लिग्निन हे काष्ठद्रव्य ठरावीक तरंगलांब्या शोषतात. मग पानावरून परतणारा प्रकाश मोजून त्यात काय व किती आहे, हे सांगता येईल का?

या प्रश्नाचा इतिहास धान्याच्या प्रयोगशाळेत सुरू होतो. अमेरिकेच्या कृषी खात्यात बेल्ट्सव्हिल येथे काम करणाऱ्या कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात धान्यातील ओलावा अवरक्त प्रकाशाने मोजण्याची पद्धत विकसित केली. पुढे प्रथिनांसाठीही ती वापरात आली. वनशास्त्रज्ञांनी हीच पद्धत वाळवून दळलेल्या पानांना लावली. झाडावरच्या ताज्या पानांची गोष्ट मात्र वेगळी होती. त्यांतील पाणी इतका अवरक्त प्रकाश शोषते, की प्रथिनांची खूण त्याखाली झाकली जाते. विमानातून पाहताना सावल्या, फांद्या, जमीन आणि हवेतील बाष्प यांची आणखी भर पडते.

१९८७ साली नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने बनवलेले 'अ‍ॅव्हिरिस' हे उपकरण प्रथम विमानातून उडाले. सुमारे ४०० ते २५०० नॅनोमीटरचा वर्णपट ते २२४ पट्ट्यांत मोजत असे. पुढच्याच वर्षी कॅरोल वेसमन, जॉन अ‍ॅबर, डेव्हिड पीटरसन आणि जेरी मेलिलो यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. त्याआधीच्या एका विमानस्थ उपकरणाच्या नोंदी आणि विस्कॉन्सिनमधील ब्लॅकहॉक बेटावरील पानांतले लिग्निन यांचा मेळ त्यांनी दाखवला होता. लिग्निन जास्त असलेला पालापाचोळा सावकाश कुजतो व त्यातील नत्र उशिरा मोकळे होते. म्हणजे झाडांच्या शेंड्यांकडे वरून पाहून मातीतील नत्रचक्राचा वेग अजमावता येणार होता!

२००८ साली स्कॉट ओलिंजर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक संबंध मांडला : पानांत नत्र जास्त असलेली जंगले जवळचा अवरक्त प्रकाश अधिक परावर्तित करतात. येथे एक अडचण होती. त्या तरंगलांब्यांवर नत्राची स्वतःची ठळक खूण नाही. २०१३ साली युरी क्न्याझिखिन आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला, की हा संबंध मुख्यतः झाडांच्या रचनेतून येतो. रुंद पानांची झाडे आणि सूचिपर्णी झाडे यांचे नत्र वेगळे असते, तशी ठेवणही वेगळी असते. उपकरण ठेवण पाहते आणि आपण त्याला नत्र म्हणतो. यावर ओलिंजर यांच्या गटाचे उत्तर असे, की रचना आणि नत्र या गोष्टी निसर्गात एकमेकींशी जोडलेल्याच असतात.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. अशा नकाशांवरून जंगल किती कार्बन शोषेल याचे अंदाज बांधले जातात. एका जंगलातील सूत्र दुसरीकडे लावायचे, तर ते कशामुळे जुळते हे कळायलाच हवे. पाण्याच्या बाबतीत पाया अधिक भक्कम आहे, कारण त्याची खूण ठळक असते. ग्रेगरी अ‍ॅस्नर यांच्या गटाने विमानातील मोजणी आणि उपग्रहांची माहिती यांची सांगड घालून २०१२ ते २०१५ च्या कॅलिफोर्नियातील अवर्षणाचा हिशेब मांडला. सुमारे १० लाख हेक्टरांवर, ५ कोटी ८० लाखांपर्यंत मोठ्या झाडांच्या पर्णसंभारातील पाणी ३० टक्क्यांहून अधिक घटले होते.

डिसेंबर २०१५ ते मार्च २०१६ या काळात इस्रो आणि नासा यांनी 'अ‍ॅव्हिरिस'ची पुढची पिढी इस्रोच्या विमानात बसवून भारतातील जंगले व शेते यांवरूनही उडवली. अशा कामात जमिनीवरून पाने गोळा करून केलेली मोजणी टाळता येत नाही, कारण आकाशातील आकडा तिच्याशीच ताडून पाहावा लागतो.

शिक्षकांनी नत्र आणि परावर्तन यांचा चढता आलेख फळ्यावर काढावा आणि विचारावे : यामागे तिसरे कारण कोणते असू शकेल, आणि ते तपासायला कोणत्या झाडांची पाने गोळा कराल?