चिखलासाठी गाडीला मोठे टायर बसवताय? थार-जीपवाल्यांनी आधी हे वाचा

परळी वैजनाथ : गावापर्यंत डांबरी रस्ता आणि पुढं शेतापर्यंत पाणंद, ही आपल्या तालुक्यातल्या बहुतेक गावांची गत. पावसाळ्यात त्या पाणंदीत गुडघाभर चिखल होतो. त्यामुळे ज्यांच्याकडं थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी महिंद्रा जीप आहे ते मोठे 'मड टायर' बसवायचा विचार करतात. पाच टायरचा खर्च म्हणजे एखाद्या पिकाचा पैसा. तो घालण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. चिखलातून गाडी निघते ती टायरच्या नक्षीमुळं आणि त्यातल्या हवेच्या हिशेबामुळं. नुसत्या उंच टायरनं फार फरक पडत नाही, उलट गाडीवर, ब्रेकवर आणि कागदपत्रांवर ताण येतो.

आपली माती आणि टायरची नक्षी

तालुक्यात दोन तऱ्हेची जमीन आहे. पोहनेरकडं, गोदावरीच्या अंगाला भारी काळी जमीन, तर बालाघाटाच्या डोंगराकडं हलकी, मुरमाड आणि गोट्यांची. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. साध्या टायरच्या बारीक नक्षीत ती गच्च बसली की टायर गुळगुळीत होऊन जागेवरच फिरतो.

बाजारात मुख्य तीन प्रकार मिळतात. एचटी म्हणजे डांबरी रस्त्याचा, एटी म्हणजे रस्ता आणि रान दोन्हीचा, आणि एमटी म्हणजे खास चिखलाचा. एमटीचे ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद असतात. चाक फिरताना त्यातली माती बाहेर फेकली जाते आणि पुढची पकड मिळते. पण ओल्या डांबरावर याच टायरचं कमी रबर रस्त्याला टेकतं, त्यामुळे ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. आवाज वाढतो, डिझेलही जास्त जातं. ज्याची गाडी दहा फेऱ्यांतल्या आठ फेऱ्या डांबरावर करते त्याला एटी पुरतो. रोज काळ्या रानात जाणाऱ्यानंच एमटीचा विचार करावा.

रुंदीचंही तसंच. चिखलाखाली वीतभरावर मुरूम लागत असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो आणि गाडी निघते. खाली टणक थरच नसेल तर रुंद टायर थोडा वर राहतो. पण एक्सल चिखलाला टेकला की कुठलाच टायर कामाचा नाही.

टायरवरचे आकडे असे वाचा

२०२० नंतरच्या थारच्या काही मॉडेलला २४५/७५ आर १६ हा टायर येतो. २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के उंची, आणि १६ म्हणजे डिस्कचा साइज इंचात. या टायरची पूर्ण उंची साधारण ७७४ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच भरते. पुढं लोड इंडेक्स असतो. १०८ लिहिलं असेल तर तो टायर १००० किलो वजन पेलतो. मूळ टायरपेक्षा कमी लोड इंडेक्स घेऊ नका.

बाजूला चौकटीत चार आकडे दिसतील. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. स्वस्तात मिळतो म्हणून दुकानात पडून राहिलेला जुना माल घेऊ नका. तुमच्या गाडीचा मूळ साइज आणि हवा किती, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं.

उंच टायरनं काय बदलतं

वरच्या थारला ३३ इंची टायर घातला असं धरू. उंची ७७४ वरून ८३८ मिलिमीटर होते, म्हणजे ६४ नं वाढते. पण एक्सल फक्त निम्मा, ३२ मिलिमीटर वर येतो. सव्वा इंचाच्या उंचीसाठी बाकी काय होतं ते बघा :

– मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी ६५ नं पळत असेल.
– चाकाला मिळणारी ओढ साधारण ८ टक्क्यांनी कमी होते. चिखलात आणि चढावर हीच ओढ लागते.
– टायर जड असल्यानं ब्रेक, बेअरिंग, बॉल जॉइंट आणि एक्सलवर ताण येतो.
– स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला किंवा चेसिसला घासू शकतो. ते टाळायला गाडी वर उचलावी लागते. गाडी उंच झाली की वळणावर उलटायचा धोका वाढतो. परळी-अंबाजोगाई घाटातून जाणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

आणि गाडी फोर बाय फोर नसेल तर मोठे टायर घालून ती फोर बाय फोर होत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून सुरक्षित रस्ता एकच. कंपनीनं आपल्याच मॉडेलला दिलेला साइज ठेवायचा आणि फक्त नक्षी बदलायची, एचटीच्या जागी एटी किंवा एमटी. त्यापेक्षा मोठा साइज घालायचा असेल तर आधी अंबाजोगाईच्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडं लेखी विचारा. न कळवता केलेल्या बदलामुळं अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. टायरमध्ये वाचवलेलं सगळं तिथं जातं.

ट्रॅक्टरचा टायर जीपला नको

जुन्या जीपला ६.००-१६ साइजचा टायर लागतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही याच साइजचा टायर येतो, म्हणून काही जण तोच चढवतात. डिस्कवर तो बसतोही. पण शेतीच्या टायरवर 'ए ६' लिहिलं असेल तर तो ताशी ३० किलोमीटरपर्यंतच चालवायचा असतो, 'ए ८' असेल तर ४० पर्यंत. जीप डांबरावर ६० नं पळवली की तो तापतो आणि फुटू शकतो. गाडीत घरची माणसं असतात. हा जुगाड करू नका.

बसवताना

– पाचही टायर एकाच साइजचे आणि एकाच नक्षीचे घ्या, स्टेपनीसुद्धा. पुढं-मागं उंचीत फरक असेल तर फोर बाय फोर लावल्यावर गिअरबॉक्सवर ताण येतो.
– नक्षीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघूनच बसवा.
– स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून, गाडीत माणसं बसवून, टायर कुठं घासतो का ते दुकानातच बघा.
– बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. चाकाचे नट समोरासमोरचे आवळा आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा बघा.

चिखलात उतरताना

चिखलात शिरण्याआधी हवा कमी करा. तीसच्या आसपास असेल तर १८ ते २० वर आणा. टायर पसरतो आणि पकड वाढते. १५ च्या खाली नेलं तर टायर डिस्कवरून निसटू शकतो. डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरायचीच, त्यासाठी गाडीत बॅटरीवर चालणारा छोटा पंप ठेवा. कमी हवेवर वेगात पळवलेला टायर तापून फुटतो.

फोर बाय फोर चिखल लागायच्या आधी लावा, रुतल्यावर नाही. लो गिअरमध्ये एका चालीनं गाडी काढा. चाक जागेवर फिरायला लागलं की रेस सोडा, नाही तर गाडी अजून खोल जाते. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर काढून टाका. कपाशीच्या आणि तुरीच्या रानात धसकटं टायरच्या बाजूत घुसतात, तिथून गाडी घालू नका.

रुतलीच तर चाकापुढची माती काढून पोती किंवा मुरूम टाका. ट्रॅक्टरनं ओढताना दोर गाडीच्या हुकाला बांधा, बंपरला नाही. दोर ताणला असताना जवळ कुणी थांबू नये, तुटलेला दोर माणूस जायबंदी करतो.

पुलावरून पाणी असेल तर

मोठ्या टायरचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे त्यानं येणारा फाजील भरवसा. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक चारचाकी गाड्या वाहून नेऊ शकतं, मोठ्या गाड्यासुद्धा. टायरात हवाच असते, तो गाडी तरंगायलाच मदत करतो. पुलाचा कठडा किंवा रस्ता दिसत नसेल तर वाणेचा असो की ओढ्याचा, पूल ओलांडू नका. तासा-दोन तासांनी पाणी ओसरतं, तोवर अलीकडंच थांबा.

आणि पाणंदीचं दुखणं टायरनं कायमचं जात नाही. 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजने'त आपल्या शिवाराचा रस्ता घेतलाय का, ते ग्रामपंचायतीत विचारा. नसेल तर ग्रामसभेत मागणी लावून धरा. मुरूम पडलेल्या पाणंदीवरून साध्या टायरची गाडीही शेतात जाते, आणि बैलगाडीही.