रोशनदान आणि माळ्याची हवा

उर्दूत ज्याला रोशनदान म्हणतात, त्याला मराठीत झरोका किंवा गवाक्ष म्हणतात. वर्गात हे शब्द शिकवताना मी मुलांना सांगतो, की रोशनदान नावाने उजेडाचे असले तरी त्याचे निम्मे काम हवा खेळती ठेवण्याचे आहे.

मुळशीच्या जुन्या घरांत हे काम छप्परच करीत असे. हाताने घडवलेल्या नळीच्या कौलांमध्ये फटी राहत. चुलीचा धूर माळ्यावर चढे, तिथले बियाणे कोरडे ठेवी, वाशांना कीड लागू देत नसे आणि कौलांतून बाहेर पडे. दमट हवाही त्याच वाटेने जाई. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला. साच्यातली मंगळुरी कौले एकमेकांत घट्ट बसत, गळती कमी होई. तरी सांध्यांतून थोडी हवा जातच असे.

पुढे पत्रा आला. चुलीच्या जागी गॅस आला. फटी बुजल्या, माळा मात्र तसाच राहिला. वैशाखात तो भट्टीसारखा तापतो. पावसाळ्यात स्वयंपाकाची वाफ थंड पत्र्याला लागून थेंब होते आणि धान्याच्या पोत्यांवर पडते. आपण समजतो, पत्रा गळतोय.

गरम हवा वर चढते. म्हणून एक झरोका वळचणीखाली, दुसरा आढ्याजवळ हवा. मुळशीत पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो, त्यामुळे वरच्या झरोक्याचे तोंड पूर्वेला ठेवावे. उंदीर-वटवाघळांसाठी जाळी लावावी. कौलांनी आपोआप केलेली ही सोय आता गवंड्याला आधीच सांगून करून घ्यावी लागते.