बिनवातीचं मेण

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले चार महिने लेकीकडे होते, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये. परत आल्यावर प्रत्येकाचा फोनवर एकच प्रश्न, "काय काय पाहिलंत?" नायगारा पाहिला नाही. एका शाळेच्या जिममध्ये दोन दिवस टेबलामागे बसून मेण विकलं. त्याबद्दलच लिहिते.

आधी एक कबुली. गेली दोन वर्षं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आले की लेक "घरून काम करते". ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तिची नोकरी गेली. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात सुगंधी मेणाच्या वड्या करते आणि शनिवार-रविवारी क्राफ्ट शोमध्ये मांडून विकते. माझे वडील कारकून. आमच्या घरात 'विकणं' हा शब्द जरा खालच्या आवाजात म्हणत. मी इतक्या वर्षांत मुलांकडून प्राचीन व्यापारी मार्ग नकाशावर काढून घेतले, पण स्वतः कधी चार आण्याची वस्तू विकली नव्हती. त्या शनिवारी टेबलामागे बसताना ओळखीचं कोणी नाही ना, म्हणून मी चक्क इकडेतिकडे पाहिलं. तिथे, नाशुआ गावात!

या वड्यांना तिकडे 'वॅक्स मेल्ट' म्हणतात. वात नाही, ज्योत नाही. प्लॅस्टिकच्या डबीत सहा खण, प्रत्येक खणात एक वडी, बर्फीसारखी. वॉर्मर नावाच्या छोट्या भांड्यात वडी ठेवायची, खाली विजेचा दिवा असतो, त्याच्या उबेनं मेण वितळतं आणि वास घरभर पसरतो. मेण सोयाबीनच्या तेलाचं. (लातूरकडच्या मंडळींनी नोंद घ्यावी!) सोयाबीनपासून असं मेण करायची खटपट 1990 नंतर आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी केली.

मांडणी मात्र बघण्यासारखी. टेबलावर जमिनीपर्यंत पोचणारी चादर, म्हणजे खालची खोकी दिसत नाहीत. वर लाकडी क्रेट उलटे टाकून केलेल्या पायऱ्या, हुबेहूब आपल्या हळदीकुंकवाच्या आराशीसारख्या. डब्या उभ्या, नावं समोर, कारण येणारा माणूस चालता चालता फक्त डोळ्यांच्या उंचीवरचं वाचतो. पुढच्या ओळीत प्रत्येक वासाची एक छोटी काचेची बरणी, हुंगून बघायला. शेवटी कॉफीच्या बियांची वाटी. चार वास घेऊन नाक थकलं की कॉफी हुंगायची म्हणे. या समजुतीची 2011 साली बेलॉइट कॉलेजात चाचणी झाली, तेव्हा कॉफीचा उपयोग साध्या हवेपेक्षा जास्त काही दिसला नाही. मी लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, लोकांना आवडतं." वाटी राहिली.

पहिल्या दिवशी घोटाळा झाला. लेकीनं सगळ्या चोवीस बरण्या उघड्या ठेवल्या आणि दोन वॉर्मर लावले. तासाभरात दालचिनी, लॅव्हेंडर, सफरचंद आणि देवदार यांची अशी खिचडी झाली की जवळ आलेली माणसं नाक मुरडून पुढे सरकू लागली. त्यात शेजारच्या टेबलावर लोकरीच्या टोप्या. लोकर वास धरते. त्या बाईंनी तक्रार केली, आयोजकांनी येऊन वॉर्मर बंद करायला सांगितले. बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण लेकीचा चेहरा बघवेना. टेबलाचं भाडं आणि विजेच्या जोडणीचे वेगळे पैसे आधीच भरलेले, आणि दुपारपर्यंत विक्री तीन डब्या.

मला एकदम आमचा तासगावचा रथ आठवला. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी गणपतीचा रथ निघतो, त्या गर्दीत लहानपणी एक अत्तरवाला यायचा. लाकडी पेटी, आत मखमलीच्या खणांत कुप्या, कानात फाया. हीना, खस, केवडा, मोगरा, सगळं असूनही त्याच्याजवळ उभं राहिलं तर फक्त कानातल्या फायाचा वास यायचा. सगळ्या कुप्यांना घट्ट बूच. तो एका वेळी एकच उघडायचा, मनगटावर एक बोट टेकवायचा आणि बूच लावूनच पुढची कुपी काढायचा. वास दाखवायचा म्हणजे बाकीचे झाकून ठेवायचे, ही त्याची मांडणी. लेकीला हे सांगितलं. आम्ही बरण्यांना झाकणं लावली, चोवीसांतल्या बारा खाली ठेवल्या, आणि मी झाकण उघडून द्यायला टेबलाच्या पुढे उभी राहिले. बोलायचं ती, झाकण उघडायची मी.

त्या रात्री मला झोप आली नाही. इतिहासाच्या शिक्षकाची खोड, या बिनवातीच्या मेणाचं मूळ शोधत बसले. आणि सापडलं ते फार गमतीचं निघालं. रॉबर्ट बेव्हर्ली नावाच्या गृहस्थांनी 1705 साली व्हर्जिनियाचा इतिहास लिहिला. त्यात बेबेरीच्या मेणबत्त्यांचं वर्णन आहे. समुद्रकाठच्या झुडपांची बारीक फळं उकळून हिरवट मेण काढत. ढीगभर फळांतून मूठभर मेण. ते हाताला चिकटत नाही, कडक उन्हात वितळत नाही, आणि विझलं की सुंदर वास येतो. म्हणून शौकीन लोक मेणबत्ती मुद्दाम विझवत, असं ते लिहितात! म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही कुणाला तरी उजेडापेक्षा वासच हवा होता.

पुढे 1850 साली स्कॉटलंडच्या जेम्स यंग यांनी पॅराफिनचं पेटंट घेतलं, स्वस्त आणि बिनवासाचं मेण मुबलक मिळू लागलं. 1879 मध्ये एडिसनचा दिवा आला आणि मेणबत्तीची घरातली नोकरीच गेली. (हे वाक्य लिहून झाल्यावर मी थोडा वेळ तशीच बसले.) मग तिनं दुसरं काम शोधलं. 1969 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या साउथ हॅडली गावात मायकेल किट्रेज या किशोरवयीन मुलानं पैसे नव्हते म्हणून रंगीत खडू वितळवून आईला मेणबत्ती करून दिली, ती शेजारणीनं विकत घेतली, आणि त्यातून यांकी कँडल ही प्रचंड मोठी कंपनी झाली. 2004 साली ऑर्व्हिल थॉम्पसन या फिरत्या विक्रेत्याला सॉल्ट लेक सिटीच्या एका प्रदर्शनात दोन बायका बिनवातीची मेणबत्ती विकताना दिसल्या. त्यानं तो व्यवसायच घेतला. आज तो सेंट्सी नावानं ओळखला जातो. सुरुवात मेंढ्यांच्या फार्मवरच्या एका जहाजी कंटेनरमध्ये.

आणि गंमत अशी की ज्या दिव्यानं मेणबत्तीला घालवलं, तोच आता वॉर्मरमध्ये बसून मेण वितळवतो. एलईडीला ती ऊब नाही. 2023 मध्ये अमेरिकेत नेहमीचे पिवळे दिवे विकायला बंदी आली, पण अगदी मंद उजेडाच्या छोट्या दिव्यांना सूट आहे. म्हणून लेकीचं चालतं.

पण मला सगळ्यांत जवळची वाटली ती क्राफ्ट शोचीच हकीगत. मी समजत होते हे हौशी, खाऊनपिऊन सुखी लोकांचं प्रकरण. न्यू हॅम्पशायरमध्ये तसं नव्हतं. महामंदीत गिरण्या बंद पडत होत्या, शेतीत दम नव्हता. सँडविच गावात मेरी कूलिज या बाई आधीपासून, 1926 पासून, गावातल्या लोकांनी घरी केलेल्या वस्तू मांडून विकत होत्या. गव्हर्नर जॉन विनंट यांनी ते राज्यभर न्यायचं ठरवलं, 1932 मध्ये कारागिरांचा लीग उभा राहिला. 1933 मध्ये क्रॉफर्ड नॉच इथे एका गवताच्या कोठारात पहिली जत्रा भरली. ती जत्रा अजून दर ऑगस्टमध्ये माउंट सुनापीला भरते. तिथे वस्तू पारखून घेतात, लेकीच्या वड्यांना जागा मिळेल असं नाही. पण हातात काम उरलं नाही तेव्हा लोकांनी टेबल मांडलं, त्या रांगेतलंच हे एक टेबल.

रविवारी सकाळी मी लवकर उठून साडी नेसले. शनिवारी पँट घातली होती, म्हणजे कुणाचं लक्ष जाऊ नये. लेक म्हणाली, "आई, थंडी आहे गं." मी वर कोट चढवला. एकच वॉर्मर, तोही टोपीवाल्या बाईंपासून लांबच्या टोकाला, त्यांना विचारून. झाकणं मी उघडत होते. एक म्हातारे गृहस्थ बेबेरीची बरणी बराच वेळ नाकाशी धरून उभे राहिले, काही न बोलता. मग दोन डब्या घेतल्या. दिवसअखेर भाडं निघालं, विजेचे पैसे निघाले, वर थोडे राहिले. फार नाही.

येताना बॅगेत तीस डब्या आणल्या आहेत. मोगऱ्याच्या जास्त आहेत, तो वास तिनं माझ्या सांगण्यावरून केला. ज्यांना हव्या असतील त्यांनी खाली कळवा. वॉर्मर नसेल तर पणतीवर चालणारं सुगंधाचं भांडं पुरतं, पण वडी वरच्या वाटीत ठेवा, पणतीत नको, आणि वाटी फार तापू देऊ नका. दर लेकीला विचारून सांगते. माहेरच्यांनाही फुकट नाही.