सोमवार पेठेतला गेंडा

पुण्यात न चुकता काय पाहावं असं कुणी विचारलं, तर मी सोमवार पेठेतला गेंडा सांगतो. नागझरीकाठच्या त्रिशुंड गणपती मंदिरात तो आहे. लोक तीन सोंडांच्या, मोरावर बसलेल्या गणपतीसाठी आत जातात. मी दारातच रेंगाळतो. दर्शनी भिंतीवर, काळ्या दगडात, टोपीवाले शिपाई एका गेंड्याला साखळदंडांनी जखडताहेत.

भीमजीगिरी गोसावींनी १७५४मध्ये बांधकाम सुरू केलं. गणपतीची प्रतिष्ठापना झाली १७७०मध्ये. मधे, १७५७ला, प्लासी घडलं. गेंडा म्हणजे बंगाल आणि शिपाई म्हणजे इंग्रज, असा अर्थ अभ्यासक लावतात. मला तो पटतो. गेंडा काही सह्याद्रीतला प्राणी नव्हे, कारागिराने सहज बघून कोरावा असा. शिवाय गोसावी म्हणजे नुसते बैरागी नव्हेत. सावकारी करणारे, व्यापारासाठी थेट बंगालपर्यंत हिंडणारे लोक ते! तिकडची खबर त्यांना नसेल तर कुणाला असणार?

शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं १८१७मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून हे शिल्प पेठेत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर होतं. कुणी त्याचा काय अर्थ लावला असेल, याचा विचार मी दर खेपेला करतो. तुम्ही गेलात तर आतले शिलालेखही बघा; संस्कृतच्या जोडीला तिथे फारसीही आहे.